चेरीच्या बियांची ऊब

मित्रांनो, मी दीड वीत लांबीची कापडी पिशवी आहे आणि माझ्या पोटात चेरीच्या बिया आहेत. मिशिगनच्या मोठ्या सरोवराकाठी ब्रोनियाआजींची चेरीची बाग आहे, तिथलीच मी. आजी नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी पिठाच्या पोत्याचं कापड बेतून मला शिवलं आणि धुऊन वाळवलेल्या बिया भरल्या.

माझं काम सोपं. ओव्हनच्या मंद आचेवर थोडा वेळ बसायचं आणि पाळीत दुखणाऱ्या ओटीपोटावर जाऊन पडायचं. या घरात मुलीला पहिली पाळी आली की त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे वाडगाभर चेरी ठेवतात. ती खाते, बिया माझ्यात जातात. आजींच्या लेकीच्या, क्लॅराच्या, बिया अशाच आल्या. मग नात टेसच्या आल्या.

त्या दिवशी क्लॅराने टेसला समजावलं, "गर्भाशय म्हणजे आतली एक पिशवीच. दर महिन्याला ती अस्तर बाहेर टाकते, त्यासाठी आवळते. म्हणून कळ येते. ऊब मिळाली की सैल पडते."

"म्हणजे पिशवीवर पिशवी," टेस म्हणाली आणि तिघी हसल्या.

टेसच्या मनात एकच होतं. जुलैच्या जत्रेत चेरीची बी लांब थुंकण्याची स्पर्धा असते. त्यात बायकांमध्ये आजींचा एकतीस फुटांचा पल्ला कुणी मोडला नव्हता. टेसला तो मोडायचा होता. पण पंधराव्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी ती अंथरुणात मला कवटाळून पडली होती आणि खिडकीतून जत्रेचा बँड ऐकू येत होता.

पुढे कळ दर महिन्याला वाढत गेली. तीन-तीन दिवस शाळा बुडायची. घरातल्यांनी काय केलं, तर मला जास्त तापवलं. आजी म्हणायच्या, "आमच्या घरात सगळ्या अशाच वाकतात. पिशवी आहे ना." खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

मे महिन्यात टेस स्वयंपाकघरातच चक्कर येऊन पडली. क्लॅराने गाडीची किल्ली उचलली.

"डॉक्टर कशाला? पिशवी आहे की घरात," आजी म्हणाल्या.

"पिशवी आहे म्हणूनच वर्ष गेलं, आई. चल, तूही बस गाडीत."

डॉक्टरीणबाईंनी टेसच्या पोटावर जाळीसारखे तांबूस डाग पाहिले. "हे कशाने झालं?" "हिच्या चटक्यांनी," म्हणत टेसने मला दप्तरातून काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता कचऱ्यात जाणार. बाईंनी मला हातात तोललं.

"चांगली आहे ही. पण हिला न जमणारं काम तुम्ही हिच्याकडून करून घेताय." मग त्यांनी खोदून विचारलं. शाळा किती बुडते, पाळी नसतानाही दुखतं का, तासाभरात पॅड भिजतं का, ताप येतो का. "शाळा बुडवणारी, वाढत जाणारी, गोळीला न जुमानणारी कळ अंगवळणी पाडून घ्यायची नसते."

"आम्ही पाडून घेतली," आजी म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून."

आजींनी टेसचा हात आपल्या हातात घेतला. "नव्हतं खरं," त्या म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काही त्याच्या बाहेर वाढत असावं, अशी शंका आली. रोजचं औषध सुरू झालं. दुखण्याची गोळी कळ चढायच्या आत, काही खाऊन, सांगितली तेवढीच घ्यायची ठरलं. मला कोमटच करायचं, कपड्यावरूनच लावायचं, थोडाच वेळ. टेस बागेत संथ फेऱ्याही मारू लागली. जूनमध्ये तिची शाळा एकच दिवस बुडाली.

आणि जुलैत जत्रेच्या दिवशीच पाळी आली.

"राहू दे यंदा. माझा पल्ला वाचेल," आजी डोळे मिचकावत म्हणाल्या.

"तू आधी कवळी घट्ट बसव आजी. बीच्या पुढे तीच जाईल."

टेसने न्याहारी करून गोळी घेतली आणि मला सदऱ्यावरून कमरेला बांधलं. रेघेवर ती उभी राहिली, तेव्हा थोडं दुखत होतं. मला ते कळत होतं. तिने छाती भरून श्वास घेतला. एकदम माझ्या खालचं पोट लोहाराच्या भात्यासारखं आत गेलं आणि बी उडाली.

तेहेतीस फूट.

लोक टाळ्या वाजवत होते आणि ब्रोनियाआजी गुडघ्यांवर बसून मोजपट्टीच्या टोकाशी ती बी शोधत होत्या. सापडली तशी त्यांनी ती पदकासारखी वर धरली. संध्याकाळी ती धुतली, वाळवली, माझी शिवण उसवली आणि बी आत टाकली. टाका घालताना त्या म्हणाल्या, "ही मला हरवून आलीय. हिला मधोमध ठेवते."

मित्रांनो, आता मी बरीच जड झाले आहे, कापड विरलं आहे, पण काम चालू आहे. मला जपा, जाळू नका. तुमच्या घरात कुणी पोट धरून बसली असेल, तर तिला ऊब द्या. आणि ऊब देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा, किती दुखतं ते विचारा. विचारणं मला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.