खळ वाळेपर्यंत

आमच्या घरात टेबल एकच. ते घराचे की धंद्याचे, हा वाद आमच्या लग्नाइतकाच जुना आहे. आणि तो निकालात निघू नये, अशी आम्हा दोघांचीही मनोमन इच्छा असावी. दिवसभर त्यावर पुस्तके बांधली जातात. संध्याकाळी ते पुसले की त्याच्यावरच ताटे मांडली जातात. मी बाइंडर. पत्नी फर्मे शिवते, म्हणजे छापील पानांच्या घड्या दोऱ्याने एकमेकींना जोडते. मी कण्याला खळ लावतो, पुठ्ठा चढवतो, कापड ओढून बसवतो आणि दिवस मावळताना सगळी चळत शिकंज्यात घालून स्क्रू आवळतो. त्यानंतर सकाळपर्यंत आम्हाला काहीही करता येत नाही. खळ म्हणजे शिजवलेले पीठ. ते आपल्या सवडीने वाळते. त्याला घाई सांगता येत नाही, धाक घालता येत नाही. ते वाळेपर्यंत आम्ही जेवतो, वाद घालतो आणि मुलीच्या अभ्यासात तिला नको असलेली मदत करतो.

हे रोजचे थांबणे आमच्या धंद्यातले वैगुण्य आहे, असे माझे मत होते. ते मत ज्या प्रसंगाने बदलले, तो फारसा भारदस्त नाही. परंतु कृतज्ञतेला भारदस्तपणाची अट कोणी घातलेली नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे काम आमच्याकडे अधूनमधून येत असे. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी एकदा मला थांबवून विचारले, "बाइंडरसाहेब, सकाळी दिलेली पुस्तकं संध्याकाळी परत मिळतील का? मिळत असतील तर वर्षभराचं सगळं काम तुमचं. शनिवारपर्यंत सांगा."

मी त्याच दिवशी एका विक्रेत्याकडून गरम सरसाचे यंत्र आठवडाभर वापरून पाहण्यासाठी आणले. त्याच्या भांड्यात सरस वितळतो, एक रूळ तो कण्यावर फासतो, आणि पुस्तक लगेच हातात घेता येते. शिलाई नको, शिकंजा नको. जेवताना मी माझी बाजू क्रमाने मांडली. यंत्रामुळे वेळ वाचतो. वाचलेला वेळ आपला असतो. सबब, यंत्र घेतल्याने संध्याकाळ मोठी होईल.

"तर्कात खोट नाही," पत्नी म्हणाली. "ठेवणार कुठे?"

ते यंत्र मावेल अशी जागा एकच होती. ते टेबलाच्या मध्यभागी बसले, आणि आमची ताटे कडेला सरकली.

पुढे जे घडले त्याचा माझ्या तर्कात समावेश नव्हता. पुस्तके दुपारीच तयार होऊ लागली, म्हणून मी दुसरी चळत घेतली. ती संपली, म्हणून तिसरी. थांबायला कारणच उरले नाही. आम्ही पाळीपाळीने जेवू लागलो. आमच्या मुलीला घरात सगळे वकिलीण म्हणतात, आणि तो गुण तिने कोणाकडून उचलला याविषयी पत्नीला शंका नाही. ती एका संध्याकाळी यंत्रापलीकडून डोकावत म्हणाली,

"बाबा, एक विचारू? तो वाचलेला वेळ तुम्ही नेमका कुठे ठेवलाय? मला सापडत नाहीये."

"तो पुढच्या पुस्तकांना लागला."

"म्हणजे वाचला नाही. संपला."

"विषय सोडू नकोस."

"मी धरूनच बसलेय, बाबा. सोडताय तुम्ही."

पत्नी तोंडाला पदर लावून हसली. पण ते हसू फार टिकले नाही. सुई-दोऱ्याचा तिचा डबा मिटून फळीवर गेला होता. त्याबद्दल ती काही बोलली नव्हती, आणि मी काही विचारले नव्हते.

शुक्रवारी मात्र तिने हट्टाने तिघांना एकत्र जेवायला बसवले. सरसाच्या वासात घास उतरत नाही म्हणून यंत्र बंद करायला लावले. ग्रंथपाल बाईंना होकार का द्यावा, हे मी त्या दोघींना समजावून सांगत होतो. मुद्दे बरेच होते. पत्नी वाढत होती. मी आणखी रस्सा मागितला, तेव्हा तिने पळीला हात घातला आणि पळी हलेना. तिने जोर केला, तर सबंध यंत्रच पुढे सरकले. पळी पातेल्यात नव्हती. ती सरसाच्या भांड्यात उभी होती, आणि तोवर सरस थिजून दगड झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "ही निघत नाहीये."

सरस पुन्हा वितळवावा म्हणून मी यंत्र सुरू केले. तो सैल होताच पळी कलंडली, तिचा दांडा रुळाखाली गेला, करकर आवाज झाला आणि यंत्राने मान टाकली. मी विक्रेत्याला फोन केला.

"त्यात काय गेलं?" त्याने विचारले.

"पळी."

"कसली पळी?"

"रश्श्याची."

तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, आमच्या माहितीपुस्तिकेत हे नाहीये."

त्याने शनिवारी सकाळी येऊन यंत्र दुरुस्तीला नेले. ग्रंथालयाची एक चळत बाकी होती. पत्नीने डबा उघडला आणि सुईत दोरा ओवला. मुलीने खळ शिजवली. तिच्यात गुठळ्या झाल्या, त्या मी मोडल्या. मी पुठ्ठे कापले. दिवसभर आम्ही तिघे त्या टेबलाभोवती होतो आणि एकमेकांच्या कामातल्या चुका काढत होतो. संध्याकाळी स्क्रू आवळला, टेबल पुसले, आणि पातेले पुन्हा मध्यभागी आले.

वकिलीणबाईंनी त्याच वेळी उलटतपासणी सुरू केली.

"आई, तू डावरी आहेस ना?"

"आहे. मग?"

"काल पातेलं तुझ्या डाव्या हाताला होतं. सरस उजव्या हाताला, तोही यंत्राच्या पलीकडच्या बाजूला. पळी तिथे गेली कशी?"

"तुझे बाबा बोलत होते," पत्नी शांतपणे म्हणाली. "ते बोलायला लागले की रस्सा कुठला आणि सरस कुठला, मला काही सुधरत नाही."

"हे उत्तर नाही झालं."

"साक्षीदारानं आता जेवावं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार माझा होता, आणि आयुष्यात मी इतका सोपा प्रश्न कधी सोडलेला नाही. तो मी सोडला. मला उत्तर नको होते. समोर तिघांची ताटे होती, आणि उठून करण्याजोगे काही नव्हते. मी जागेवरूनच ग्रंथपाल बाईंना फोन लावला.

"बाई, सकाळचं संध्याकाळी आमच्याकडून होणार नाही. दुसऱ्या दिवशी मिळेल. आजची चळत सोमवारी."

"काल पुस्तकं पोचवताना तर तुम्ही उत्साहात होता!"

"काल यंत्र होतं."

"मग नवी पुस्तकं मला दुसरीकडे द्यावी लागतील, बाइंडरसाहेब. राग मानू नका."

"नाही मानणार."

"जुनी मात्र तुमच्याकडेच येतील. शिलाई सुटलेलं पुस्तक दुसरीकडे कोणी हातात धरत नाही. तुमच्या घरी शिवतं कोण?"

"माझी पत्नी."

"त्यांना सांगा, भरपूर आहेत."

मी तसे सांगितले. जे काम गेले ते मोठे होते. त्याची हळहळ मला त्या क्षणीही वाटली, आणि ती लपवावी असे मला वाटत नाही. पण समोर पत्नी बोटावरचा दोऱ्याचा वळ चोळत होती, आणि तिचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता.

"तुझे आभार मानायचे आहेत," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"त्याची कारणं तीन. पहिलं असं, की—"

"अहो, निवतंय," ती म्हणाली. "जेवा आधी. कारणं ऐकायला सकाळपर्यंत वेळ आहे."