रात्र मोजणारी झाडं

"उस्तादा, झाडाला स्वतःचं वय कळतं का?"

हे मी भर वर्गात, उभी राहून विचारलं. इकराम आणि शैमा या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की विचारलंस तर आठवडाभर आमच्या डब्यातला मसेमेन तुझा. मागच्या वर्षीची हस्ना असती तर बाकाखाली शिरली असती. या वर्षीची हस्ना मसेमेनसारखी लोण्यातली घडीची रोटी सोडत नाही.

वर्ग हसला, कारण मी कुठल्या झाडांबद्दल बोलतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या डोंगरात घरटी गांजा आहे. आता तर सहकारी संस्थेचा परवानाही आहे, औषधवाले पीक नेतात. पण आमच्या घरामागच्या वाफ्यातल्या चाळीस झाडांना नऊ आठवडे झाले तरी फूल नव्हतं. या दोघी मला सुईण म्हणायच्या. "काय गं सुईणबाई, कळा आल्या का?"

ते बी संस्थेने नवीन आणलं होतं, वयावर फुलणारं. महिन्याभरात फुलं, पंचाहत्तर दिवसांत कापणी. आमचं नेहमीचं पीक ऑक्टोबरात येतं आणि तेव्हा घरातला एकही हात बाहेर जात नाही. म्हणूनच शेफशाउएन शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाचा कागद मी पुढे केला, तेव्हा बा म्हणाला होता, शाळा उघडायच्या आत पीक पोत्यात गेलं तर सही करतो. त्या चाळीस झाडांवर माझं सगळं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं.

यम्माने, म्हणजे आईने, बी ओल्या फडक्यात भिजवलं, मोड आले, मी लावलं. झाडं वाढली, माझ्या खांद्याला लागली. फुलली मात्र नाहीत. मग मी काय काय केलं ते विचारू नका. पाणी जास्त होतंय म्हणून कमी केलं. कोंबड्यांचं खत बंद केलं, कारण त्याने नुसता पाला माजतो. मुळं अडकली असतील म्हणून दगड वेचले. पानं उलटी करून कीड शोधली. यम्मा शेजारी बसून माझ्याबरोबर शोधायची. "या पानावर काही नाही, पोरी. ते बघ." झऱ्यावरून येताना बादलीची एक बाजू ती धरायची.

संस्थेचा माणूस पाहणीला आला, तेव्हा बाने त्याला सांगितलं की पोरीने लाडाने खत जास्त घातलं. मी मान खाली घातली. मलाही तसंच वाटत होतं.

तर, उस्तादा हसल्या नाहीत. म्हणाल्या, बहुतेक झाडं रात्र मोजतात. रात्र लांब झाली की फुलतात, उन्हाळ्यात नुसती वाढत बसतात. काही थोडी मात्र वय मोजतात, त्यांना रात्रीशी देणंघेणं नसतं.

मी मसेमेन जिंकला, पण खाताना डोक्यात ते वाक्यच फिरत होतं. आमची झाडं नेमकी काय मोजतायत?

अंजिराच्या कोपऱ्यातलं सर्वांत बुटकं झाड मी निवडलं. रोज दुपार कलल्यावर असरची बांग झाली की त्याच्यावर ऑलिव्हचं निळं पिंप पालथं घालायचं आणि सकाळी ऊन अंगणात आलं की काढायचं. चौदा तासांचा अंधार, भर जूनमध्ये. बाकी एकोणचाळीस झाडं जशीच्या तशी. यम्माने विचारलं, पिंप कशाला? मी म्हटलं, बकऱ्या खातात. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पिंप मला लागणार आहे, आणून ठेव. ऑलिव्हला अजून चार महिने होते. मी हसले आणि पिंप तिथेच ठेवलं. किती मूर्ख असावं माणसाने!

सोळाव्या दिवशी पिंप उचललं तर बुटक्याच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचे झुबके, फूल धरल्याची खूण. मी ओरडणारच होते. मग बाकीच्या एकोणचाळीसांकडे पाहिलं. हिरवी, गप्प.

म्हणजे ही रात्र मोजणारी झाडं होती. आजारी नव्हती, हट्टीही नव्हती. गेल्या वर्षीचं उरलेलं, ऑक्टोबरात येणारं बी होतं. संस्थेचं बी फडक्यात कधी गेलंच नव्हतं. आणि फडकं फक्त यम्माच्या हातात होतं.

ती कणीक मळत होती. बा चहाचा पेला घेऊन दारात बसला होता.

"यम्मा, बी बदललंस?"

हात थांबले नाहीत. "कोणी सांगितलं?"

"झाडाने."

तेव्हा थांबले. ती उठली, पिठाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि संस्थेचा छोटा डबा माझ्यासमोर ठेवला. झाकणाची पट्टीसुद्धा फाटली नव्हती. तुझा भाऊ समुद्रापलीकडे गेला तो फोनमध्येच राहिला, आता तूही, असं काहीतरी ती पुटपुटली. मी बाच्या दिशेने वळले. तो चिडेल, तिला विचारेल, माझी बाजू घेईल, असं मला खरंच वाटलं होतं.

बाने पेला खाली ठेवला आणि यम्माला म्हणाला, "तुला सांगितलं होतं, पिठात नको ठेवूस."

मला रडू आलं नाही. यम्मा एका बाजूने धरायची ती झऱ्यावरची बादली मात्र आठवली. माझी बाजू तेव्हाही हलकी लागत नव्हती.

मी डबा उचलला, फ्रॉकला पुसला. त्या दोघांसमोर बोटांवर दिवस मोजले आणि सांगितलं,

"आज चोवीस जून. हे बी रात्र बघत नाही, त्यामुळे उशीर झालेला नाही. वाटाणा काढलेला वरचा वाफा मोकळा आहे. मी भिजवणार, मी लावणार, पाणीही मीच आणणार, एकटी. खालची झाडं तुमची, तुम्ही बघा. सात सप्टेंबरला माझं पीक कापायला येईल आणि बा, तू सही करशील. आणि नाही फुललं तरी करशील, कारण मी शाळेत जाणार आहे."

मग मी यम्माकडे स्वच्छ फडकं मागितलं नाही. माझी ओढणी भिजवायला घेतली.