वीतभर ठिपके

गुण्या मिस्त्रीचा एक नियम होता, आणि तो चुकू शकतो असं त्याला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. फरशी दारापासून लावायची. अख्खी फरशी आल्यागेल्याच्या नजरेसमोर, कापलेला तुकडा पलीकडच्या टोकाला. काटकोन तपासायच्या हत्यारावरून लोक त्याला गुण्या म्हणत, आणि माणूसही तसाच, नाकासमोर चालणारा. बसथांब्याच्या नव्या फलाटावर पिवळ्या फरश्या बसवतानाही तो उताराच्या तोंडापासूनच सुरू झाला. आधी उठावाच्या लांब पट्ट्यांच्या, शेवटी उठावाच्या ठिपक्यांच्या. रस्त्याकडच्या काठाशी पोचला तेव्हा वीतभरच जागा उरली होती. त्याने ठिपक्यांची फरशी कापली आणि एकच ओळ बसवली, इतकी सफाईदार की बघत राहावं.

"दादा, नकाशात ठिपक्यांच्या दोन ओळी आहेत. अख्ख्या," धाकटा भाऊ तेव्हा म्हणाला होता.

"नकाशा कागदावर असतो, फरशी जमिनीवर. किनार आहे ती. अर्धी काय नि अख्खी काय."

भावाने पुढची फरशी उचलून दिली. थोरल्याला उलटून बोलायचं नाही ही त्यांच्या घरची रीत. घरात अशा रीती शोभतात, कामावर महागात पडतात.

आज तपासणी होती. थांबा पास झाला तर पुढचे अकरा थांबे या दोघा भावांना, नापास झाला तर दोघांनाही नारळ. ठेकेदाराने हे सकाळपासून चहाच्या घोटागणिक ऐकवलं होतं. तपासनीस बाईंनी टेप लावून उतार मोजला, कठडा मोजला. काठाजवळ मात्र उद्घाटनाचा गालिचा अंथरलेला होता. "खाली सगळं नकाशाबरहुकूम आहे," ठेकेदार म्हणाला, आणि बाईंनी तेवढ्या रकान्यात न मोजताच खूण केली.

उरली होती ती चालून बघायची परीक्षा. त्यासाठी गुरुजी आले होते. शाळेत इतिहास शिकवणारे, जन्मापासून अंध, अंगाने उंचेपुरे. गालिचा गुंडाळून बाजूला झाला, तशी गुरुजींनी आपली पांढरी काठी मिटून बगलेत धरली.

"काठी असू द्या की," बाई म्हणाल्या.

"मग काठीची परीक्षा होईल, बाई. फरशीची कधी करायची?"

बाई हसल्या, पण वरवर. मग काठाकडे पाठ करून सगळ्यांकडे वळल्या. "नीट ऐका. पायाखाली पट्ट्या लागल्या की चालायचं, ठिपके लागले की थांबायचं. गुरुजी उतारावरून निघतील आणि काठाशी आपले आपण थांबतील. समोरून बस येईल. मध्ये कुणी अवाक्षर काढायचं नाही. कुणी बोललं तर थांबा नापास."

"ठिपक्यांच्या दोन ओळी कशाला लागतात हो?" भावाने विचारलं. विचारलं बाईंना, पण बघत होता दादाकडे.

"लांब ढांगेचा माणूस एक ओळ सहज ओलांडून जातो. दोन असल्या की कुठला तरी पाय पडतोच."

गुण्याने काठाच्या ओळीकडे पाहिलं. म्हणजे किनार नव्हती ती. त्याने तोंड उघडलं, पण ठेकेदार त्याच्याकडेच बघत होता, आणि ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं. थांबतील गुरुजी, त्याने स्वतःला बजावलं. इतकी वर्षं चालतायत, थांबतील.

गुरुजी निघाले. मान ताठ, पाऊल मोकळं. दर पावलाला अडीच फरश्या मागे पडत होत्या. गुण्याच्या नजरेचं माप कधी चुकत नसे, आणि आज ते चुकावं म्हणून तो देवाला हात जोडत होता. सहा पावलं उरली. पाच. तो पुढचा हिशेब डोळ्यांनीच करत गेला: एक पाऊल शेवटच्या पट्टीवर पडणार, आणि पुढचं ठिपक्यांवरून पलीकडे. तिथे गुडघाभर खाली रस्ता होता.

वळणावरून बस आली. बॅटरीवरची, मांजरीच्या पावलांची. गुरुजींच्या कानाला तिचा पत्ता लागायचं कारण नव्हतं.

तीन. भावाने त्याचा दंड घट्ट धरला. दोन. पाय शेवटच्या पट्टीवर पडला, अगदी जिथे पडणार होता तिथेच.

"गुरुजी, थांबा," गुण्या ओरडला.

गुरुजी एक पाय अधांतरी धरून उभे राहिले. बस त्यांच्या सदऱ्याला वारा घालत पुढे सरकली आणि थांबली. मग गुरुजींनी तो पाय हळूच मागे घेतला.

"घाबरलाय हो हा," ठेकेदार घाईघाईने म्हणाला. "बस बघून घाबरला. कामात काही खोट नाही. पुन्हा चालवून बघू, जरा बेताची पावलं टाका म्हणावं."

"का बोललात? नुसते घाबरला असाल तर परीक्षा पुन्हा घेऊ," बाई गुण्याला म्हणाल्या. नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. घाबरलो, एवढा एक शब्द, आणि अकरा थांबे. गुण्याने भावाकडे पाहिलं. भाऊ खाली बघत होता.

तेवढ्यात गुरुजी आवाजाच्या रोखाने वळले. "उद्यापासून तुम्ही इथेच उभे असणार का? थांबा म्हणायला?"

"नाही," गुण्या म्हणाला. "ठिपके कमी पडलेत, बाई. दोन ओळींच्या जागी वीतभर लावलेत. हा सांगत होता मला, मीच ऐकलं नाही. टेप लावा."

बाईंनी टेप लावला. किती भरलं ते मोठ्याने वाचलं नाही. आधी केलेली खूण खोडली, खाली आपली सही केली आणि बस बंद करायला सांगितलं.

"उद्यापासून तू आणि तुझा भाऊ, दोघांनी यायचं नाही," ठेकेदार म्हणाला.

"नाही येत," गुण्या म्हणाला, आणि छिन्नी घेऊन काठाशी बसला. "आज मात्र हे दुरुस्त करूनच जातो."