काटेताईंची पावलं

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिन्यांनी काटेताई कामावर परत आल्या. केबिनच्या सहा लोखंडी पायऱ्या चढायला त्यांना इतका वेळ लागला, की खाली रांगेतल्या तीन ट्रकांनी एकदमच हॉर्न वाजवले.

“वाजवा, वाजवा,” कठडा धरून त्या म्हणाल्या. “बँडबाजा तेवढा राहिलाच होता.”

कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा मोठा काटा होता. जमिनीलगत सोळा मीटर लांबीचा लोखंडी तक्ता. त्यावर ट्रक उभा राहिला की शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे उमटायचे. भरलेला ट्रक आत जाताना तोलायचा, रिकामा होऊन बाहेर पडताना पुन्हा तोलायचा. मधला फरक म्हणजे माल. बावीस वर्षं हा फरक काटेताईंच्या हातानं चिठ्ठीवर उतरत होता. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं; ड्रायव्हर, साहेब, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांच्या त्या काटेताई.

बावीस वर्षं एका खुर्चीवर बसून अंग सुटलं होतं. पोटातला हर्निया एकदा शिवला, तो फाटला. आता दुसऱ्यांदा शिवला. कामावर जायची परवानगी देताना डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला होता.

“एकशे चार किलो. तीन महिन्यांत नव्वदच्या खाली या. जेवण मोजून, आणि रोज सहा हजार पावलं. नाहीतर हे टाकेही जातील, आणि तिसऱ्यांदा शिवायला तिथं धड मांस उरलेलं नाही. मी हात लावणार नाही, आत्ताच सांगतो.”

घाबरल्या त्या काटेताई. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या मास्तरांचे डोळे मात्र चमकले.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवून वर्षापूर्वीच निवृत्त झालेले, किडकिडीत, वेताच्या छडीसारखे ताठ. निवृत्तीनंतर शिट्टी खुंटीवर लटकत होती आणि मास्तर घरभर. आता त्यांना विद्यार्थी मिळाला. त्यांनी जुन्या पेटाऱ्यातून एक कोरं हजेरीपुस्तक काढलं, रकाने आखले: पावलं, मिनिटं, वाट्या, वजन. नावांच्या रकान्यात पहिल्या ओळीवर वळणदार अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. खालच्या एकोणपन्नास ओळी मोकळ्या राहिल्या.

पावलं मोजायचं यंत्रही त्यांनीच मिळवलं. परदेशी गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवलेलं, खिशातल्या घड्याळासारखं गोल, कमरेला अडकवायचं. पाऊल पडलं की हिसका बसून टिक व्हायचं आणि आकडा पुढं सरकायचा. हल्ली मनगटावर असलं काहीबाही सगळेच बांधतात. तेव्हा ते बघायला शेजारपाजारची माणसं आली होती.

घरात काटेताईंना बसू म्हणून मिळेना. सकाळी साडेपाचला शिट्टी. भाजी निवडायची ती उभ्यानं. वर्तमानपत्र वाचायचं ते येरझाऱ्या घालत.

“अहो, जरा टेकू द्या की.”

“टेकायला आयुष्य पडलंय.”

“टेकले नाही तर पडणार नाही ते!”

आणि केबिनमध्ये नेमकं उलटं. तिथून हलायची सोय नव्हती. दिवसाला दीडशे ट्रक, एक गेला की दुसरा चढलाच. पाणी प्यायचं तेसुद्धा घोट राखून, कारण खाली उतरून जाऊन यायला वीस मिनिटं लागायची आणि रांग रस्त्यापर्यंत जायची. घरी बसता येत नाही, इथं उठता येत नाही. कधीकधी त्यांना वाटे, आपणच या दोन तोलांच्या मध्ये अडकलोय. इकडून भरलेल्या जातो, तिकडून भरलेल्याच बाहेर पडतो.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी मास्तर विचारत, “आज किती?” आणि उत्तर यायचं नऊशे, साडेनऊशे. मास्तर ओरडत नसत. नुसते आकडा लिहीत आणि पेनाचं टोपण लावताना सुस्कारा टाकत. तो सुस्कारा काटेताईंना शिट्टीपेक्षा लागायचा.

दुसऱ्या सोमवारी बसल्यावर यंत्राची पकड टाक्यांना टोचू लागली, म्हणून त्यांनी ते काढून चिठ्ठ्यांच्या पुठ्ठ्याशेजारी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. काट्यावर ट्रक चढला. केबिनची भिंत नेहमीसारखी थरथरली. खिळ्यावर टिक टिक टिक झालं. ट्रक उतरला, पुन्हा टिक टिक. काटेताईंनी मान वळवून पाहिलं. एका ट्रकामागं चाळीस पावलं!

त्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, “सहा हजार शंभर.”

मास्तर उठून उभेच राहिले. “शाब्बास! मला माहीत होतं. मनावर घेतलंस ना की तू...” त्या रात्री त्यांनी बायकोला स्वतःहून बसायला पाट दिला.

मग ते थांबवणं अवघड झालं. सहा हजार, साडेसहा हजार, एकदा तर आठ. हजेरीपुस्तक भरत गेलं. दवाखान्यातलं वजन मात्र एकशे तीनवर येऊन जे बसलं ते बसलं.

खरं तर बावीस वर्षांत काटेताईंनी एक चिठ्ठी खोटी लिहिली नव्हती. लबाडी त्यांना वासानं कळे. ‘पोपट’ नावाचा एक ड्रायव्हर होता, हिरव्या ट्रकाचा आणि न थांबणाऱ्या तोंडाचा. तो आत जाताना भरलेला पाण्याचा पिंप ट्रकावर ठेवी आणि बाहेर येताना ओतून देई, म्हणजे पाणी मालात धरलं जाई. एकदाच. दुसऱ्या वेळी काटेताईंनी खिडकीतून विचारलं होतं, “येताना तहान होती, आता भागली वाटतं?” आणि सगळ्या रांगेदेखत पिंप पुन्हा भरायला लावला होता.

तोच पोपट एक दिवस चिठ्ठी घ्यायला वर आला आणि खिळ्याकडं बघत राहिला.

“ताई, हे काय टिकटिकतंय? मागचा ट्रक उतरला की वाजलं.”

“पावलं मोजतं.”

“कुणाची?” पोपटानं एकदा यंत्राकडं, एकदा खुर्चीकडं पाहिलं आणि खो खो हसला. “म्हणजे चालायचं आम्ही आणि पोट उतरायचं तुमचं? ताई, माझा तर एक पिंपच होता हो!”

काटेताईंनी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. पण कानशिलं तापली ती दिवसभर निवली नाहीत.

त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, काहीही न कळवता मास्तर फाटकाशी हजर झाले.

“दवाखान्याचा काटा बिघडलाय,” ते म्हणाले. “रोज सात हजार पावलं, वाट्या मोजून, आणि वजन जागचं हलत नाही? अशक्य. तुझा काटा सरकारी शिक्क्याचा आहे. तू खाली उभी राहा, मी वर आकडा वाचतो.”

“अहो, हा ट्रकांचा काटा...”

“काटा तो काटा. उतर.”

त्या उतरल्या. उन्हानं तापलेल्या त्या लांबरुंद लोखंडावर एकट्या उभ्या राहिल्या. वरून मास्तरांचा मैदानावरचा आवाज आला, “शंभर! बघ, मी म्हटलं नव्हतं? शंभर!”

तो काटा वीसवीस किलोंनीच बोलायचा. नव्वदपासून एकशे दहापर्यंत सगळ्याला शंभरच म्हणायचा. नव्वदच्या खाली उतरलं तरच ऐंशी दाखवणार. हे सांगायला काटेताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तर काचेमागं हात उंचावून हसत होते.

सुट्टी संपली होती. मागून हॉर्न झाला, पोपटाचाच. काटेताई बाजूला झाल्या, हिरवा ट्रक तक्त्यावर चढला. त्या कठडा धरून पायरी पायरी वर आल्या, तेव्हा मास्तर आकड्यांकडं बघत नव्हते. ते भिंतीकडं बघत होते. खिळ्यावर टिक टिक चाललं होतं.

त्यांनी छत्री घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. पाठ पहिल्यांदाच जराशी वाकलेली दिसली.

संध्याकाळी काटेताई घरी पोचल्या तेव्हा हजेरीपुस्तक नेहमीच्या जागी उघडं होतं. मास्तरांनी पेन हातात घेतलं.

“आज किती?”

काटेताई दाराशीच उभ्या होत्या. यंत्र पिशवीत होतं. त्या केबिनपासून घरापर्यंत पावलं मनात मोजत आल्या होत्या.

“अकराशे दहा. आणि तुमचं ते शंभरही खरं नाही. तो काटा वीसच्या खालचं बोलत नाही.”

मास्तरांनी लिहिलं. आठ हजार ज्या अक्षरात लिहिलं होतं, त्याच अक्षरात अकराशे दहा.

“आणि मागचे?” काटेताईंनी विचारलं. “खोडा की ते.”

“लागलेली हजेरी मी खोडत नाही.” पेनाला टोपण लावत मास्तर म्हणाले, “मैदानाच्या पाच फेऱ्या सांगितल्या की काही मुलं झाडामागं बसून फेऱ्या मोजायची. मला दिसायची.”

“मग ओरडत नव्हता?”

“ओरडायचो ना. म्हणूनच तर बसायची.”

त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढली आणि पेटाऱ्यात, खाली, कपड्यांच्या घडीत ठेवली.

दुसऱ्या दिवशीपासून काटेताई तक्त्यावर चालू लागल्या. जायला दुसरी जागाच नव्हती. एक ट्रक उतरला की दुसरा चढायच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, अठ्ठेचाळीस पावलं. सहा पायऱ्या खाली, सहा वर. बावीस वर्षं काचेच्या आत, आता काचेच्या समोर. अंगण तेवढंच, कैद्याला मिळतं तसं. रांगेतून कुणी हॉर्न वाजवलाच तर पोपट खिडकीतून डोकं काढून ओरडे, “थांब रे! ताईंचा तोल चाललाय!”

तीन महिने संपले तेव्हा वजन ब्याण्णव भरलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि महिनाभर मुदत वाढवून दिली. त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मास्तर पुन्हा केबिनमध्ये उभे होते. काटेताई तक्त्याच्या मधोमध थांबल्या. मग मास्तरांनी खिडकी सरकवली, पण या वेळी ओरडले नाहीत. “ऐंशी म्हणतोय गं,” एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

पुढं टाके टिकले. डॉक्टर मोठ्या इस्पितळात गेले. पोपटानं हिरवा ट्रक विकून टायरचं दुकान टाकलं. त्याचे स्वतःचे गुडघे गेले तेव्हा काटेताईच त्याला चालण्याचे धडे द्यायला गेल्या होत्या. कारखान्याच्या काट्याला आता केबिन लागत नाही, चिठ्ठी खांबातून बाहेर येते. मास्तर जाऊन सोळा वर्षं झाली. हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर अक्षर थोडं कापतं, पण एकही दिवस कोरा नाही.

काटेताई आता एकोणऐंशीच्या आहेत. रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात, मनात मोजत. परत आल्या की दारात चपला काढता काढता आकडा मोठ्यानं सांगतात, “बावीसशे चाळीस.” जरा वेळ उभ्या राहतात, पेनाला टोपण लागायला जेवढा लागतो तेवढा. मग आत जातात.