एका बल्बाची लाईन

अकीलनं भाऊरावांच्या टिनाच्या छपरावरून आपली वायर ओढून घेतली आणि वर बसूनच ती कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळायला लागला. खाली ओट्यावर भाऊराव ताटकळत उभे होते. गिऱ्हाईक तुटलं अकीलचं आणि मान खाली गेली होती यांची.

"राग नको मानू बे अकील," भाऊराव म्हणाले. "हिंमतराव होळीपावतर भाव वाढवत नाई म्हन्ते. डिझेल कितीबी चढो."

"अन् होळीनंतर?"

"होळीनंतरचं होळीनंतर पाहू. यंदा कापसानं काय केलं, तुह्या डोयानं पाह्यलंच ना तू."

अकील हसला आणि वायर गुंडाळत राहिला.

उंद्रीत त्या दिवसांत दिवेलागणीला सरकारी वीज हमखास जायची. मग अकील जनरेटरला हँडल मारायचा आणि त्याच्या वायरींवर अख्खी गल्ली उजळायची. एका बल्बाचा महिन्याचा दर ठरलेला. डिझेल चढलं तेव्हा अकीलनं तो थोडा वाढवला, आणि तिथंच माशी शिंकली. त्याच आठवड्यात हिंमतरावानं आपल्या बी-बियाण्याच्या दुकानामागे नवाकोरा जनरेटर आणून बसवला आणि पाटी लावली: होळीपर्यंत एकच भाव. त्याला परवडत होतं. बीटी बियाण्याची महागडी पाकिटं ज्यांनी पेरली त्यांची बोंडं अळीनं आणि लाल्या रोगानं खाल्ली. ज्यानं विकली त्याच्या घरावर मजला चढला. गल्ली हातात आली की हा सव्याज वसूल करणार, हे न कळण्याइतकी गल्ली दूधखुळी नव्हती. पण ज्याच्या घरात कापूस पडेल भावानं गेला, त्याला होळीसुद्धा लांबच वाटते.

एकेक वायर उतरत गेली. भाऊरावांची उतरली आणि मग उरला एकच बल्ब, महामायेचा.

महामाया दिवसा कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी घरी शिलाई मशीनवर बसायची. अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज तिच्या हातचे. तिच्या त्या एका बल्बासाठी अकील रोज ते धूड सुरू करायचा, तासन्‌तास डिझेल जाळायचा आणि शेजारी स्टुलावर बसून राहायचा. लोक म्हणायचे, अकीलचं डोकं फिरलं. त्यालाही कधीकधी तसंच वाटायचं.

खरं सांगायचं तर त्याला जनरेटरचं मशीन बंद करायची भीती वाटायची. ते सुरू असताना घरात कुणाचं बोलणं ऐकूच यायचं नाही. बायको, हीना, घरी होती तेव्हा दोघं संध्याकाळभर खाणाखुणांनी बोलत. मशीन बंद झालं की ती लगेच साचलेलं सगळं सांगायला बसायची: दिवसभरात काय झालं, कोण आलं, दूध कसं नासलं. आता मशीन बंद झालं की नुसती शांतता असायची, आणि त्या शांततेत तो कान देऊन बसायचा. हीनाची आठवण त्याला तेव्हाच यायची.

धाकट्या बहिणीच्या, मलिहाच्या, निकाहासाठी ती डोणगावला माहेरी गेली होती. अकीलही गेला होता. पण ताटावरून उठला तो तसाच परत निघाला; रुखसतीला, नवरीच्या पाठवणीलाही थांबला नाही. इकडे दिवेलागणीला हँडल कोण मारणार? हीनानं त्याला जाऊ दिलं. फक्त ती परत आली नाही. तेव्हा कपाशी गुडघ्याएवढी होती. आता शेवटची वेचणी चालू होती.

त्या दिवशी तो हँडल घालायला वाकला तेवढ्यात महामाया दारात आली. डोक्याला फडकं तसंच, हातांना बोंडांचे ओरखडे.

"अकीलभाऊ, भाऊरावबी गेले म्हन्तात."

"हाव. आता तुमीच मालक, ताई. तुमाले जायाचं असन तर तुमीबी जा."

"मी नाई जात."

"काऊन? तिकडं सस्तं पडन."

"सस्तं पडन, ठाऊक हाय मले." ती उंबऱ्याशी टेकली. "हीना माह्याजवळ येऊन बसे. काज-बटन करू लागे. मी जर लाईन तोडली तर ती आल्यावर मले काय म्हनन?"

अकीलनं हँडल हातातच धरून ठेवलं.

"ती येईन तवा ना," तो म्हणाला.

"न्यायले कोन गेलं होतं?"

"न्यायले? तिले रस्ता ठाऊक नाई काय?"

"भाऊ, माहेरी रुसून बसलेली बाई आपल्या पायानं वापस येते काय? हे बी मीच सांगू तुमाले? ती काय इचार करत असन, की नवऱ्याले माही गरजच नाई."

"मी गेलो तर हे कोन पाहीन?" त्यानं मशीनकडे बोट केलं.

महामायेनं मशीनकडे पाहिलं, मग हिंमतरावाच्या लाईनीवर उजळलेल्या गल्लीभरच्या दारांकडे पाहिलं.

"एका बल्बासाठी?" तिनं विचारलं.

अकीलनं हँडल मारलं. मशीन धडधडायला लागलं आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं. पण त्या संध्याकाळी महामायेचा सवाल बुडवायला त्याला मशीनचा आवाज पुरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच महामायेच्या छपरावर चढला. वायर सोडली, नवा तुकडा जोडला आणि छपरा-छपरांवरून नेत हिंमतरावाच्या खांबाला आणून बांधली. हिंमतराव दुकानातून बाहेर आला.

"काय बे, आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं आनून देऊन राह्यला?"

"हाव. भाव होळीपावतर पक्का ना?"

"जबान हाय माही."

"पक्काच ठेवजा," अकील म्हणाला. गाठ ओढून पाहिली, पक्कड खिशात घातली आणि थेट स्टँडवर गेला.

चिखली, तिथून मेहकर, तिथून पुढची गाडी. डोणगावात उतरला तेव्हा दिवस कलला होता. तो लगेच सासुरवाडीला गेला नाही. स्टँडसमोर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. परतीची शेवटची गाडी आली, भरली, निघाली. ती वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा तो उठला.

हीना अंगणात तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिचा हात थांबला. रोडावली होती.

तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा सुपाकडे पाहू लागली.

"वापसीकी गाडी कब है?" तिनं विचारलं.

"गई."

"आखरीवाली?"

"हाँ. अभीच गई. मेरे सामनेसे."

हीनानं मान वर केली. त्याच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. मग सुपात ओंजळभर तांदूळ आणखी टाकले आणि निवडू लागली.