माझ्या चोकमध्ये खोबरेल तेल

मी एक जुनी मोटरसायकल आहे. हे मी स्वतः म्हटलं तर चालतं. दुसऱ्या कुणी मला ‘जुनी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मित्रांनो, माझा जन्म १९८१ सालचा, जपानमधल्या एका कारखान्यातला. चारशे सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर आणि लालभडक टाकी. जहाजातून मेलबर्नच्या बंदरात उतरले तेव्हा गोदीवरची माणसं हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली होती. निदान मला तरी तसंच आठवतं.

माझे पहिले मालक रॉन. ते शाळेत भूगोल शिकवायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मला जिवापाड जपलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं आणि मला बघायला मेलबर्नच्याच क्लेटन उपनगरातून यामिनी आली. मूळची तळेगावची. इथल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकत होती आणि पहाटे पाचला एका बेकरीत शिफ्टला जायची. त्या वेळेला तिच्या घराजवळून एकही बस सुटत नसे. रॉन तिला एवढंच म्हणाले, “थंडीत हिला चोक दे, मेट. घाई केलेली हिला आवडत नाही.” मेट म्हणजे दोस्त; इथे कुणालाही तसंच म्हणतात.

चोक म्हणजे हँडलजवळचा एक छोटा खटका. तो ओढला की केबल ताणली जाते आणि गारठलेल्या इंजिनाला थोडं जास्तीचं पेट्रोल मिळतं. माणसांना सकाळी चहा लागतो ना, तसंच समजा. यामिनी रोज पहाटे चोक ओढायची, मिनिटभर हात चोळत उभी राहायची आणि मग आम्ही निघायचो. पाऊस असो, वारा असो, मी तिला एकदाही वाटेत सोडलं नाही. परीक्षेला मीच नेलं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीलाही मीच नेलं. ती मैत्रिणींना सांगायची, “या देशात माझं स्वतःचं असं पहिलं काही असेल, तर ही!” ते ऐकून मी किती फुशारले असेन, याची कल्पना करा.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा हृषिकेश पुण्याचा, संगणकातला माणूस, स्वभावाने गरीब. दोघांनी पॉइंट कुक या दुसऱ्या उपनगरात घर घेतलं. मग गाडी आली आणि माझी जागा गॅरेजच्या कोपऱ्यात गेली. आधी दर शनिवारी फेरी व्हायची, नंतर महिन्यातून एकदा. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण वसंत आला की यामिनी मला बाहेर काढायचीच, म्हणून मी हिवाळाभर मुकाट्याने बसायचे.

या वर्षी मे महिन्यात हृषिकेशची आई, चित्रलेखाबाई, सहा महिन्यांसाठी आल्या. बाई कामसू. रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नाही. इथला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, म्हणून यामिनी मला झाकून ठेवत होती तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

“तेल नाही का देत हिला? ठेवणीतल्या वस्तूला तेल देऊन ठेवावं गं.”

“देते आई, आणायचंय,” यामिनी म्हणाली आणि ऑफिसचा फोन आला म्हणून आत गेली.

दुपारी चित्रलेखाबाई एकट्याच आल्या. हातात खोबरेल तेलाची बाटली. उन्हात ठेवून पातळ केलेलं तेल. त्यांच्या घरी शिवणयंत्रापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्यांना तेच चालायचं. जिथे सांधा दिसला तिथे त्यांनी थेंब सोडला. क्लच आणि ब्रेकच्या केबलींवर रबरी टोप्या होत्या, म्हणून त्या बचावल्या. चोकच्या केबलीची टोपी केव्हाच पडली होती. तिथे बाईंनी चांगलं चमचाभर ओतलं, माझ्या टाकीवर थोपटलं आणि समाधानाने निघून गेल्या. कुणाला सांगावं असं त्यांना वाटलंही नाही. मला वास आवडला, हे कबूल करते.

मग मेलबर्नची थंडी पडली. खोबरेल तेलाचं थंडीत काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. केबलीतल्या जुन्या धुळीत ते गोठलं आणि आत त्याची चिक्की झाली.

इकडे घरात वेगळंच शिजत होतं. हृषिकेश आता घरूनच काम करायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्या व्हायच्या. त्याला गॅरेजमध्ये ऑफिस करायचं होतं.

“यामिनी, प्रॅक्टिकली बघ ना. वर्षातून चार वेळा चालवतेस.”

“दसऱ्याच्या पूजेला ती चालत बाहेर आली पाहिजे,” यामिनी म्हणाली. “आदल्या दिवसापर्यंत सुरू झाली नाही, तर दे कुणाला द्यायची ती.”

इथे दसरासुद्धा शनिवार-रविवार बघून येतो. पूजा रविवारी ठरली. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, क्रेग नावाचा माणूस ट्रेलर घेऊन येणार होता. त्याला मी नको होते. माझे सुटे भाग हवे होते. टाकी एकीकडे, चाकं दुसरीकडे. मित्रांनो, ते ऐकलं त्या दिवशी मी खरोखर घाबरले.

सप्टेंबरभर यामिनी माझ्यासाठी राबली. शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. दोन्ही कार्बोरेटर उघडून त्यांची बारीक भोकं साफ केली, प्लग बदलले, बॅटरी चार्ज केली, टायरमध्ये हवा भरली. सगळं अगदी बरोबर. मग ती चोक ओढायची आणि बटण दाबायची. मी नुसती खोकायचे. खटका हलायचा खरा, पण केबलीचं वरचं कवचच तेवढं सरकायचं; आतली तार जागची हलत नव्हती. चोक लागलाय असं तिला वाटायचं आणि मी उपाशीच राहायचे. दुखतंय कुठे ते मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. असला छळ वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शनिवार उजाडला तोच गारठा घेऊन. आठपासून यामिनी झगडत होती. साडेनऊला तिने हातातला पाना खाली ठेवला.

“वय झालं हिचं,” ती म्हणाली. “मीच उगाच हट्ट करतेय.”

तेवढ्यात चित्रलेखाबाई दारात आल्या. शनिवार त्यांचा न्हाण्याचा दिवस. एका हातात गरम पाण्याचं भांडं, त्यात खोबरेलाची बाटली बुडवलेली. आत अजून पांढरा गोळा. त्यांनी यामिनीच्या बोटाखालच्या खटक्याकडे बघितलं, मग बाटलीकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकल्या.

त्यांना गप्प बसता आलं असतं. दोष माझ्या वयावर गेलाच होता. सुनेचं घर, परका देश, महिन्याभरात परत जायचं. कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

“यामिनी,” त्या म्हणाल्या, “तिथे मी तेल घातलंय गं. मे महिन्यात. हेच.”

यामिनीने बाटलीकडे बघितलं. “कुठे घातलंत आई? नक्की कुठे?”

बाईंनी बोट ठेवलं. यामिनीने केबलीचं कवच घट्ट धरून खटका ओढला. तो जराही हलला नाही.

“अहो आई, हेच शोधत होते मी महिनाभर!”

“चुकलं माझं. चांगलं व्हावं म्हणून केलं होतं. थांब, माझी शेकायची पिशवी आणते.”

आणि मित्रांनो, बाईंनी गुडघ्यांसाठी पुण्याहून आणलेली रबरी पिशवी गरम पाण्याने भरून माझ्या गळ्यात घातली. चव्वेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी शेक दिला! इतक्यात क्रेगचा ट्रेलर दारात उभा राहिला.

“दहा मिनिटं दे, क्रेग,” यामिनी ओरडली.

“नो वरीज, होऊ दे निवांत,” क्रेग म्हणाला. हृषिकेशने त्याच्या हातात चहा दिला आणि स्वतः पिशवीत दुसरं गरम पाणी भरून आणलं. ऑफिसचं नावही काढलं नाही त्याने.

केबलीच्या खालच्या टोकातून आधी एक पिवळसर थेंब आला, मग दुसरा. यामिनीने कवच धरून पुन्हा खटका ओढला. आतली तार सरकली. तिने बटण दाबलं. मी एकदा खोकले, दोनदा खोकले आणि मग दोन्ही सिलिंडर एकदम असे पेटले की समोरच्या घराच्या छपरावरचे पोपट उडाले. काय आवाज लागला होता माझा! यामिनी रडत होती आणि हसतही होती. बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

क्रेगने चहा संपवला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली. “मी सुटे भाग न्यायला आलो होतो. हा आवाज ऐकल्यावर हिला कोण खोलणार, मेट?” त्याचा ट्रेलर रिकामाच परत गेला.

यामिनीने केबल धुऊन तिच्यात योग्य ते तेल सोडलं. रविवारी माझ्या हँडलला झेंडूचा हार चढला आणि मी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या आवाजात बाहेर आले. हृषिकेशचं टेबल जिन्याखाली बसलं. तिथे कुकर ऐकू येत नाही म्हणे. पूजा झाल्यावर यामिनीने दुसरं हेल्मेट सासूबाईंच्या डोक्यावर चढवलं. आम्ही तिघी समुद्रापर्यंत गेलो. पहिल्या वळणावर बाईंनी देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या वळणावर म्हणाल्या, “जरा जोरात घे की गं!”

मित्रांनो, वस्तूवर प्रेम करा, पण तिला काय लागतं ते आधी विचारून घ्या. आणि तुमच्या हातून तिचं काही बिघडलं, तर लगेच सांगा. लाज वाटेल, तरीही सांगा. त्या शनिवारी एक बाई आपली चूक बोलल्या, म्हणून आज मी अख्खी आहे.