आधी कोणी बाहेर पडायचं

कुरामोची-सान तीन महिने ऑनलाइन मीटिंगमध्ये एक शब्द बोलले नव्हते. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं मुख्य कचेरीतला कॉम्प्युटर मोजतो. त्यांच्या नावापुढे शून्य होतं. आज ते निदान दहा मिनिटं बोलले नाहीत, तर मार्चनंतर त्यांचा करार वाढणार नव्हता. साहेबांनी हे मला कळवलं, आणि त्यांना सांगायचं नाही असंही बजावलं.

आम्ही भाताच्या कुकरांची माहितीपुस्तकं लिहितो. हे काम मला वीस वर्षांपूर्वी कुरामोची-साननीच शिकवलं. साठीनंतर ते वर्षावर्षाच्या करारावर परत आले, ते माझ्या हाताखाली. त्यांना काम सांगताना मी अजून पाठ ताठ करून बसते.

त्या दिवशी मी त्यांचं मत तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी नुसती मान हलवली. मान मोजली जात नाही. आमच्यातली सगळ्यात धाकटी असाबा मात्र बोलतच होती. तिचे आकडे कधी कमी पडत नाहीत. शेवटी सगळे निरोपाला पडद्यापुढे वाकले आणि असाबासकट बाकीचे मीटिंगमधून बाहेर पडले.

राहिलो आम्ही दोघं. वरिष्ठ गेल्याशिवाय आपण जायचं नाही, ही आमची रीत. प्रमुख मी, म्हणून ते थांबले. शिकवलं त्यांनी, म्हणून मी थांबले. पुन्हा वाकलो. पुन्हा कोणी हललं नाही. त्यांच्यामागे किटली शिट्टी वाजवायला लागली, तरी ते उठेनात.

"हातानो-सान, निघा ना तुम्ही आधी," ते अखेर म्हणाले. "चहाचं पाणी आटतंय माझं."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, आधी शेगडी बंद करा. त्यांनी केली. मग धीर करून विचारलं, मीटिंगमध्ये गप्प का असता. त्यांनी नजर टेबलाकडे वळवली.

"तुमच्या चुका पोरांसमोर कशा काढू? ऑफिसात असतो तर जाता जाता कानात सांगितलं असतं. इथे कान कुठून आणू?"

"कुठल्या चुका?"

"राहू द्या. रेकॉर्डिंगचा तो लाल दिवा चालू आहे अजून. वरचे ऐकतील."

दिवा चालू होता, म्हणजे मोजणीही चालू होती. पण ऐकणाऱ्यांत साहेब असणार, आणि नव्या पुस्तकावर नाव माझं होतं.

"ऐकू देत," मी म्हटलं. "सांगा."

त्यांनी चष्मा पुसला, रीतसर माफी मागितली आणि चौदाव्या पानापासून सुरुवात केली. तिसाव्या पानावर पोचले तेव्हा माझे कान तापून लाल झाले होते. मी मध्ये तोंड उघडलं नाही.